निर्भयतेची पहिली शाखा घरातच

(शारदीय नवरात्रानिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा पाठ)



नवरात्र आले की महाराष्ट्रातील घराघरांत घट बसतात. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका आणि वणीची सप्तशृंगी यांचे स्मरण होते. नऊ दिवस अखंड दीप तेवतो, रोज एक माळ चढते आणि दहाव्या दिवशी शस्त्रांचे पूजन होते. याच नऊ दिवसांत त्याच घरातील सोळा वर्षांच्या मुलीला शिकवणीहून परतायला अर्धा तास उशीर झाला, तर तिची आई दहा वेळा खिडकीशी जाऊन येते. ओठांवर महिषासुरमर्दिनीची आरती असते आणि काळजात पोटच्या पोरीची काळजी. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच वेळी, एकाच मनात नांदत असतात. पूजा आणि आचरण यांतील हे अंतर कसे मिटवायचे, याचा विचार करण्यासाठी नवरात्राइतका योग्य मुहूर्त दुसरा नाही.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. मुलींसाठी स्वसंरक्षणाचे शिबिर चालू आहे. मैदानावर चाळीसएक मुली रांगेत उभ्या आहेत. शिक्षिका मनगटाची पकड सोडवण्याचा प्रकार शिकवीत आहेत. पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात झटकायचा, कारण पकडीची सर्वांत दुबळी जागा तीच. मुली उत्साहाने करून पाहत आहेत, हसत आहेत. शेवटी शिक्षिका विचारतात, ‘काही शंका?’ मागच्या रांगेतील एक मुलगी बऱ्याच वेळाने हात वर करते आणि खाली मान घालून विचारते, ‘ताई, तो माणूस ओळखीचा असला तर कुठे मारायचं?’

मैदान शांत होते. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही डावात नाही, कोणत्याही पवित्र्यात नाही. स्त्रीच्या सुरक्षिततेसंबंधी जे जे बोलायचे, त्याचे मूळ मात्र याच प्रश्नात आहे.

परंपरा: बळ आणि बुद्धी यांची

स्त्रीने स्वतःचे रक्षण करण्यास समर्थ असावे हा विचार परदेशातून आलेला नाही. पुण्याच्या ओसाड पडलेल्या जहागिरीत लहानग्या शिवबाला घेऊन उभ्या राहिलेल्या जिजाऊसाहेब, राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० पासून सात वर्षे औरंगजेबाच्या प्रचंड फौजेशी राज्य झुंजवीत ठेवणाऱ्या महाराणी ताराबाई, बिठूरला घोडदौड आणि तलवार शिकून झाशीला स्त्रियांना शस्त्रशिक्षण देणाऱ्या राणी लक्ष्मीबाई, ही नावे प्रत्येक मराठी घरात आदराने घेतली जातात. पुण्याच्या रस्त्यावर अंगावर चिखल आणि शेण फेकले जात असताना पिशवीत दुसरे लुगडे घेऊन शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई फुले याच मालिकेतील होत. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. उद्या पुन्हा याच रस्त्याने जायचे आहे, हा निश्चय हेच त्यांचे शस्त्र होते.

आधुनिक काळात या परंपरेला संघटित रूप देण्याचे कार्य वंदनीय मावशी केळकर यांनी केले. वर्ध्याच्या लक्ष्मीबाई केळकर १९३२ मध्ये विधवा झाल्या. पदरी मुले, संसाराचा भार आणि भोवती स्त्रीला दुबळी मानणारा समाज. वर्तमानपत्रांतून येणाऱ्या स्त्रियांवरील अत्याचारांच्या बातम्या त्यांना अस्वस्थ करीत. मुलांच्या शाखेत जे शिक्षण मिळते ते मुलींना का मिळू नये, असा विचार घेऊन त्या पूजनीय डॉ. हेडगेवार यांना भेटल्या आणि १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना झाली. दंड, खड्ग, योगचाप यांचे शिक्षण मुलींना मैदानावर मिळू लागले. ज्या काळात मध्यमवर्गीय घरातील मुलगी मोकळ्या जागेत धावताना दिसली तरी भुवया उंचावत, त्या काळातील ही गोष्ट आहे. स्वतः मावशी प्रौढ वयात सायकल शिकल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये, फाळणीच्या वणव्यात, त्या कराचीला गेल्या आणि तेथील सेविकांना त्यांनी धीर दिला.

समितीने जिजाऊंना मातृत्वाचा, अहल्यादेवींना कर्तृत्वाचा आणि झाशीच्या राणींना नेतृत्वाचा आदर्श मानले, याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. या तिन्ही आदर्शांत तलवार चालवणारी स्त्री आहे, राज्य चालवणारी आहे आणि घडवणारीही आहे. केवळ मनगटाचे बळ पुरे असते, तर तीन आदर्शांची आवश्यकताच नव्हती.

धोका कोठून येतो?

आपल्या मनात संकटाचे एक चित्र पक्के बसलेले असते. रात्रीची वेळ, निर्जन रस्ता आणि अंधारातून पुढे येणारा अनोळखी मनुष्य. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत घडलेल्या अमानुष घटनेने हे चित्र अधिकच गडद केले. असे धोके खरे आहेत आणि त्यांची तयारी हवीच. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल उघडले तर वेगळेच वास्तव समोर येते. बलात्काराच्या नोंदल्या गेलेल्या दर शंभर प्रकरणांपैकी नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा स्नेही, शिक्षक, वरिष्ठ, मित्र.

या एका वस्तुस्थितीने आपल्या साऱ्या व्यवस्थेचा पाया हलायला हवा. आपण मुलीला सांगतो, ‘दिवेलागणीच्या आत घरी ये.’ पण ज्याच्यापासून भय आहे तो दिवेलागणीला घरातच चहा पीत बसलेला असेल तर? आपण सांगतो, ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस.’ पण ओळखीच्या माणसाला ‘नाही’ कसे म्हणायचे, हे कोणी शिकवले? उलट, ‘काकांना नमस्कार कर’, ‘सरांना उलट उत्तर देऊ नकोस’, ‘पाहुण्यांसमोर तोंड वेंगाडू नकोस’ असे संस्कार आपण केले. वडीलधाऱ्यांचा आदर हा आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अलंकार आहे. तो गमावून चालणार नाही. पण आदर म्हणजे आपल्या देहावरचा अधिकार सोडून देणे नव्हे, हे वाक्य त्याच संस्कारात त्याच आईच्या तोंडून यायला हवे. पाया पडणे आणि अंगाला हात लावू देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पाच वर्षांच्या मुलीला कळू शकते. सांगणारे मोठे माणूस मात्र हवे.

ओळखीचा मनुष्य एका दिवसात गुन्ह्यापर्यंत पोहोचत नाही. तो आधी चाचपणी करतो. अकारण भेटवस्तू, एकांताची निमित्ते, चुकून लागल्यासारखा हात, ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ अशी सूचना, आणि विरोध झालाच तर ‘गंमत केली, एवढे काय लावून घेतेस’ असे हसणे. या प्रत्येक पायरीवर तो मुलीची परीक्षा घेत असतो. ही गप्प बसते की बोलते? सजगता म्हणजे सदैव घाबरून वावरणे नव्हे. या पायऱ्या ओळखून पहिल्याच पायरीवर थांबवणे, हिचे नाव सजगता. मन आतून सांगते की काहीतरी ठीक नाही, तेव्हा त्या मनावर विश्वास ठेवावा. आपली शंका खोटी ठरली तर फार तर एखादा मनुष्य रुसेल. रुसलेला मनुष्य परवडतो.

देवीच्या हातातील घंटा

महिषासुरमर्दिनीच्या हातांत शूल आणि खड्ग यांच्याबरोबर घंटाही असते. तिच्या निनादाने असुरांचे तेज हरपते, असे देवीमाहात्म्याची परंपरा सांगते. प्रतिकाराचे पहिले शस्त्र हा आवाजच आहे, हे आपल्या पूर्वसूरींनी किती अचूक जाणले होते!

बसमध्ये किंवा लोकलच्या फलाटावर कोणी अंगचटीला आला, तर बहुतेक मुली अंग चोरतात, जागा बदलतात, घरी येऊन रडतात. चारचौघांत शोभा नको, ही भीती त्यांना गप्प करते. वस्तुतः चारचौघांचे भय अपराध्याला असते. त्याचे सारे धैर्य मुलीच्या मौनावर उभे असते. म्हणून आवाज चढवून, पण शब्द नेमके वापरून बोलावे. ‘निळा शर्ट घातलेले तुम्ही, हात काढा!’ इतकेच वाक्य पुरे. त्यात कोण आणि काय, हे दोन्ही आले. नुसते ‘शी!’ म्हटल्याने गर्दीला काही कळत नाही. मदत मागतानाही ‘कोणीतरी या’ असे न म्हणता एका व्यक्तीकडे बोट दाखवून मागावी. ‘काकू, तुम्ही माझ्याजवळ थांबा. दादा, तुम्ही कंडक्टरला बोलवा.’ सर्वांना उद्देशून मारलेली हाक पुष्कळदा कोणाचीच नसते. एकाला मारलेली हाक टाळणे अवघड जाते.

आवाजाचाही सराव करावा लागतो. ज्या मुलीला आयुष्यभर ‘हळू बोल’ असे सांगितले गेले, तिचा आवाज संकटात एकाएकी कसा फुटेल? शिबिरात मुलींना प्रथम पोटातून ओरडायला शिकवतात. पहिल्या दिवशी बहुतेकींचा आवाज घशातच अडकतो, त्या एकमेकींकडे बघून लाजतात. हा सराव घराच्या गच्चीवरही होऊ शकतो, आणि आईने मुलीबरोबर तो करावा.

मनगटाचे बळ आणि त्याच्या मर्यादा

शारीरिक प्रशिक्षणाचे महत्त्व अर्थातच आहे. नियुद्ध असो, ज्यूडो असो, कराटे असो की केरळची कळरीपयट्टू असो, शिकणारीच्या उभे राहण्यात फरक पडतो. केरळातील वडकरा येथील मीनाक्षी अम्मा सत्तरी ओलांडल्यानंतरही कळरी शिकवीत होत्या आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. वय आणि लिंग ही बळाची अंतिम मोजमापे नव्हेत, याचे हे जिवंत उदाहरण.

तथापि तीन दिवसांच्या शिबिराने कोणी योद्धा होत नाही. खोटा आत्मविश्वास भीतीइतकाच घातक असतो, म्हणून शिक्षिकांनी मुलींना सत्य सांगावे. स्वसंरक्षणाचा उद्देश समोरच्याला लोळवणे हा नसून तेथून सुखरूप निसटणे हा आहे. प्रतिहल्ला करायचाच झाला तर तो मऊ आणि नाजूक जागी करावा. डोळे, नाक, गळा, जांघ आणि गुडघा या त्या जागा. मुठीपेक्षा तळहाताचा मनगटाजवळचा टणक भाग, कोपर, गुडघा आणि टाच अधिक कामाला येतात, कारण न सरावलेल्या मुठीला स्वतःलाच इजा होते. एक जोराचा आघात, त्याबरोबर आरोळी आणि लगेच माणसे असतील त्या दिशेने धाव. गळ्यातील साखळी किंवा पर्स हवी असलेल्या चोराशी झुंजत बसू नये. वस्तू एका बाजूला फेकावी आणि आपण दुसऱ्या बाजूला पळावे. सोने पुन्हा घेता येते.

हे शिक्षण खरोखरच उपयोगी पडते काय, अशी शंका काही सुशिक्षित घरांत घेतली जाते. कॅनडातील तीन विद्यापीठांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनी त्यात सहभागी होत्या. एका गटाला प्रत्येकी तीन तासांच्या चार सत्रांचे प्रशिक्षण दिले गेले, दुसऱ्या गटाला केवळ माहितीपत्रके. वर्षभरानंतर पाहिले तेव्हा बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के आढळले. म्हणजे जवळजवळ निम्मे. त्या बारा तासांत केवळ हातपाय चालवणे शिकवलेले नव्हते. परिचितांकडून येणारा धोका ओळखणे, त्याला विरोध करताना मनात येणारा संकोच दूर करणे आणि स्वतःच्या इच्छा-अनिच्छेविषयी स्पष्ट असणे, यांवर त्यात भर होता. पत्रके वाटून जे साधत नाही ते सरावाने साधते, हा यातील बोध आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य लक्षात घ्यावा.

येथे एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगितली पाहिजे. प्रशिक्षण घेतलेली मुलगीही प्रसंगी जागच्या जागी गोठून जाऊ शकते. आवाज फुटत नाही, हात उचलत नाही. हा भित्रेपणा नव्हे. अतितीव्र भयाला शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया आहे. स्टॉकहोममधील अत्याचारपीडितांच्या तातडीच्या उपचारकेंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सत्तर टक्के स्त्रियांनी असा लक्षणीय जडपणा अनुभवला होता. म्हणून स्वसंरक्षणाच्या प्रचारातून ‘तू प्रतिकार का केला नाहीस?’ असा प्रश्न कधीही जन्माला येऊ नये. प्रतिकार हा स्त्रीचा अधिकार आहे. तो तिच्यावर लादलेली परीक्षा होऊ नये.

कायदा पाठीशी आहे

ही परीक्षा आपल्याच महाराष्ट्रातील एका वनवासी मुलीवर लादली गेली होती. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाल्याची तक्रार होती. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवले. परंतु पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हा त्यामागील एक आधार होता. देशभर त्याविरुद्ध आवाज उठला आणि १९८३ मध्ये कायद्यात सुधारणा झाली. दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या समितीने अवघ्या महिनाभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये कायदा आणखी स्पष्ट झाला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे.

त्याच संहितेची ३४ ते ४४ ही कलमे आत्मसंरक्षणाचा अधिकार देतात. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्याही देहाचे रक्षण करण्याचा हा अधिकार आहे. बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने हल्ला झाला, अ‍ॅसिड फेकले गेले किंवा फेकले जाण्याची रास्त भीती असली, तर कलम ३८ नुसार हा अधिकार हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा नाही आणि धोका टळल्यावर सूड उगवण्याचा अधिकारही नाही. धर्मयुद्धाची मर्यादा म्हणतात ती हीच.

प्रत्येक घरातील स्त्रीला आणखी काही गोष्टी ठाऊक असाव्यात. पाठलाग करणे हा कलम ७८ नुसार गुन्हा आहे. त्यात वारंवार फोन आणि संदेश यांतून केलेला पिच्छाही येतो. घटना कोठेही घडो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. ‘आमची हद्द नाही’ असे म्हणून परत पाठवता येत नाही. अत्याचारपीडितेवर सरकारी वा खाजगी रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. अशा प्रसंगी शक्य तोवर स्नान करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदात गुंडाळून ठेवावेत. फोनवरील धमक्या आणि छायाचित्रे संतापाने वा लाजेने पुसून टाकू नयेत, तो पुरावा असतो. छायाचित्रांच्या आधारे पैसे मागणाऱ्याला एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते.

नोकरीच्या ठिकाणी २०१३ चा कायदा संरक्षण देतो. त्याचे मूळ राजस्थानातील एका ग्रामीण कार्यकर्तीवरील अत्याचारानंतर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या विशाखा निकालात आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी. तेथे तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी. घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी आणि छोट्या आस्थापनांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना हे सांगणे, हेही आपलेच कर्तव्य.

संकटात ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी लिहून ठेवावेत. ते मुलांकडून पाठ करून घ्यावेत. प्रवासात फोन हरवतो किंवा बंद पडतो. पाठ केलेले हरवत नाही.

झाकली मूठ

आता मागच्या रांगेतील त्या मुलीकडे वळू. तिच्या घरात काय घडले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. ती शिकवणीला जायचे टाळू लागली, तेव्हा आई रागावली असेल. गुण कमी झाले, तेव्हा वडिलांनी फीचा आकडा ऐकवला असेल. एखाद्या रात्री तिने अर्धे वाक्य उच्चारले असेल आणि घरात कुजबुज झाली असेल. ‘कोणाला सांगू नकोस. उद्या लग्नाचे पाहायचे आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ मग शिकवणी बंद झाली असेल. बाहेर जाणे बंद, मैत्रिणींकडे जाणे बंद. आणि तो मनुष्य मात्र त्याच खोलीत, त्याच फळ्यासमोर, दुसऱ्या मुलींना शिकवीत राहिला असेल.

या न्यायात अपराध कोणाचा आणि शिक्षा कोणाला? घरात चोर शिरला तर आपण घराला दोष देत नाही, चोराचा शोध घेतो. मग मुलीच्या बाबतीतच मान खाली घालायची ती आपण का? ‘मुलीची अब्रू काचेचे भांडे’ असे म्हणत आपण तिला कपाटात ठेवतो. मुलगी भांडे नाही. अब्रू गेली ती अपराध करणाऱ्याची. हे वाक्य उच्चारायला सोपे आहे. पण ज्या दिवशी अपराधी सख्ख्या नात्यातला निघतो, त्या दिवशी ते उच्चारण्याचे धैर्य लागते. कुटुंब हे समाजाचे अधिष्ठान आहे असे आपण अभिमानाने सांगतो. अधिष्ठान अपराध्याला आडोसा देऊ लागले, तर त्यावर काय उभे राहील?

यात कायदाही मूठ झाकू देत नाही. अठरा वर्षांखालील बालकांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणाही प्रौढाने ती पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरतो. आई-वडील, मुख्याध्यापक, शेजारी, कोणालाही त्यातून सूट नाही. तक्रारदार बालकाची ओळख उघड करण्यासही कायद्याने मनाई आहे.

मुलगी काही सांगू लागली, तर घरच्यांनी चारच गोष्टी कराव्यात. पूर्ण ऐकून घ्यावे. मध्ये ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असे विचारू नये. ‘आमचा तुझ्यावर विश्वास आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि पुढचे पाऊल तिला सांगून, तिच्यासह टाकावे. तिचे शिक्षण, तिचे खेळणे, तिचे बाहेर जाणे यांवर त्या घटनेची सावली पडू देऊ नये. सांगितल्याची शिक्षा मिळते असे एकदा मुलीला वाटले, की ती पुन्हा कधी सांगत नाही. तिची धाकटी बहीणही सांगत नाही.

बंधूंचे कर्तव्य

हा विषय महिला मेळाव्याचा म्हणून पुरुषांनी निर्धास्त बसू नये. मुलीला दहा डाव शिकवण्याआधी मुलाला एक गोष्ट शिकवता येते. ‘नाही’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असाच असतो. शिवछत्रपतींनी परस्त्रीला मातेसमान मानले, ही कथा आपण मुलांना सांगतो. ती कथा मुलाच्या फोनमधील गटात फिरणाऱ्या विनोदांपर्यंत पोहोचते काय, हे बापाने पाहावे. शाखेत, मंडळात, गणेशोत्सवाच्या मांडवात एखादा कार्यकर्ता मुलींशी वावगे वागत असेल, तर ‘कामाचा माणूस आहे’ म्हणून त्याला पाठीशी घालणे हे संघटनेचे रक्षण नव्हे. संघटनेची प्रतिष्ठाही झाकल्या मुठीत टिकत नाही. आणि रस्त्यात एखादी मुलगी आवाज उठवील, तेव्हा तिच्या बाजूने उभा राहणारा पहिला मनुष्य आपल्या संस्कारांतला असावा.

सीमोल्लंघन

चार दिवसांनी विजयादशमी. आपट्याची पाने देताना ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ असे आपण म्हणू. त्या दिवशी प्रत्येक घराने एक छोटे सीमोल्लंघन करावे. आई-वडिलांनी मुलीला आणि मुलाला समोर बसवून सांगावे, ‘कोणीही, अगदी कोणीही, तुझ्याशी वावगे वागले तर आम्हांला सांग. तो कोण आहे हे आम्ही नंतर पाहू. आधी तुझ्यावर विश्वास ठेवू.’ हे वाक्य उच्चारायला अर्धे मिनिट लागते. त्याचे बळ मात्र मुलीला जन्मभर पुरते. नंतर तिला जवळच्या शिबिरात, व्यायामशाळेत, नियुद्धाच्या वर्गात घालावे. आणि आईनेही तिच्याबरोबर जावे.

त्या शिबिरातील शिक्षिकेने त्या मुलीला काय उत्तर द्यावे? तिने रांग मोडून मुलीजवळ जावे आणि म्हणावे, ‘ओळखीचा असला तरी त्याच जागी मारायचं, जशी अनोळखी माणसाला मारशील. आणि मारता आलं नाही, तरी चूक तुझी नाही. शिबिर संपल्यावर तू माझ्यापाशी थांब. आपण दोघी तुझ्या घरी जाऊ.’

त्या घराचे दार उघडेल तेव्हा आत कोण उभे असेल, यावर सारे अवलंबून आहे. ती आई, तो बाप, ती आजी निर्भय असली, तर मुलगी निर्भय होते. मैदानावरच्या शाखेत मुलीला पवित्रा शिकवता येतो. पण पाय रोवायला लागणारी जमीन घरच देते. निर्भयतेची पहिली शाखा घरातच भरते. ती शाखा आपल्या प्रत्येकाच्या घरात भरो, हीच आदिशक्तीच्या चरणी प्रार्थना.

भारत माता की जय!